स्वालबार्डला जायचं तर छोट्या जहाजानेच जा

"अस्वल दिसलं का?" हा पहिला प्रश्न असतो. ऑफिसमध्ये तोच, सोसायटीत तोच, ऐरोली स्टेशनवर शाळेतली मैत्रीण भेटली तर तिचाही तोच. दिसलं. एक आई आणि तिचं पिल्लू, तेही टेलिस्कोपमधून, आणि त्या दोघांमुळे त्या दिवशीचं आमचं किनाऱ्यावर उतरणं रद्द झालं. मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात योग्य निर्णय तोच होता. का ते सांगते, पण त्यासाठी आधी बाकीचं सांगावं लागेल.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, साधारण ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशात पसरलेली बेटं. त्यातलं सगळ्यात मोठं स्पिट्सबर्गन. जमिनीचा जवळजवळ ६० टक्के भाग बर्फाखाली, सगळ्या बेटांवर मिळून वस्ती तीन हजारांच्या आत, आणि त्यातलेही बहुतेक लोक लाँगइयरब्येन या एका गावात. गाव संपलं की रस्ताही संपतो. पुढे जायचं तर उन्हाळ्यात समुद्रातूनच, आणि उन्हाळा म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत न मावळणारा सूर्य, रात्री दीड वाजता डेकवर उभं राहून पुस्तक वाचता येतं इतका उजेड.

मी आणि मामा २०२४ च्या जुलैअखेरीस गेलो. मामा नेरूळला राहतो, सगळं आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, चीफ ऑफिसर होता, नंतर काही वर्षं न्हावा शेव्याला किनाऱ्यावरची नोकरी केली आणि रिटायर झाला. मामीला थंडी अजिबात सोसत नाही, म्हणून त्याने मला विचारलं. मी ऐरोलीची, खाडीवर पक्षी बघत फिरणारी, मला उत्तरेकडचे पक्षी त्यांच्या घरी बघायचे होते. त्याला जहाज बघायचं होतं. त्यामुळे आमची दोघांची ट्रिप एकाच जहाजावरून पण जरा वेगवेगळी झाली, आणि मला ते फार आवडलं, कारण मी एकटी गेले असते तर जहाजाकडे लक्षच दिलं नसतं.

जहाज छोटं होतं, शंभरच्या आसपास प्रवासी. कॅसिनो नाही, स्विमिंग पूल नाही, रात्रीचे शो नाहीत. संध्याकाळी एका हॉलमध्ये गाइड लोक दिवसभरात काय बघितलं ते समजावतात, आणि उद्याचा प्लान सांगतात जो बहुतेक वेळा उद्या बदलतो. पण ब्रिज प्रवाशांसाठी बराच वेळ उघडा असायचा, म्हणजे कॅप्टन आणि अधिकारी जिथून जहाज चालवतात ती जागा, आणि मामा जेवण-झोप सोडून तिथेच. पहिल्याच दिवशी मला हाताला धरून तिथे घेऊन गेला.

"अगं, आम्ही अख्खी नोकरी जमिनीपासून लांब राहण्यासाठी केली," तो म्हणाला. "जमीन जवळ आली की पोटात गोळा यायचा. आणि हा बघ कसा किनाऱ्याला चिकटून चाललाय."

कंटेनरच्या मोठ्या जहाजाला चौदा-पंधरा मीटर पाणी लागतं, आमच्या जहाजाला पाचेक मीटर पुरत होतं, त्यामुळे ते फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या पार आत, हिमनदीच्या तोंडाजवळ जाऊ शकायचं. आणि तिथेच मला ट्रिपमधली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट दिसली. स्पिट्सबर्गनच्या उत्तरेला लिफदेफ्योर्डन नावाचा फ्योर्ड आहे, त्याच्या टोकाला मोनाकोब्रेन हिमनदी. आम्ही तिच्या दिशेने हळूहळू जात होतो, समोर मोकळं पाणी, बर्फाचे तुकडे तरंगतायत, आणि मामाने मला चार्टच्या स्क्रीनकडे बघायला सांगितलं. स्क्रीनवर आमच्या जहाजाची खूण पाण्यावर नव्हतीच, ती बर्फाच्या आत होती! नकाशा बनवला तेव्हा तिथे हिमनदी होती. ती मागे सरकली, खाली समुद्र उघडा पडला, आणि त्या नव्या समुद्राची खोली नकाशात नाही. मग जहाज काय करतं, तर आधीच्या फेऱ्यांत स्वतः मोजलेल्या खोलीच्या रेषेवरूनच जातं, नाहीतर थांबतं आणि रबरी बोटी पुढे पाठवतं. हिमनदी वितळतेय हे आपण सगळे बातम्यांत वाचतो, पण त्या स्क्रीनवर जहाज बर्फातून चाललेलं बघितलं तेव्हा मला ते खरं खरं कळलं. मामा बराच वेळ बोलला नाही, आणि तो गप्प बसणारा माणूस नाही.

त्यानेच मला मॅक्सिम गोर्कीची गोष्ट सांगितली. १९८९ च्या जूनमध्ये हे मोठं सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेला समुद्रातल्या बर्फावर आदळलं, साडेनऊशेच्या आसपास माणसं होती, बरीचशी लाइफबोटीत आणि काही चक्क बर्फाच्या तुकड्यांवर उतरली होती. नॉर्वेच्या कोस्टगार्डचं सेन्या जहाज पोचलं म्हणून सगळे वाचले. समुद्र त्या दिवशी शांत होता हे मोठं नशीब. इतकी माणसं एकदम वाचवायची साधनं त्या भागात जवळपास नसतातच, तेव्हाही आणि आजही. जहाज छोटं असावं याचं हे एक कारण, आणि लोक बुकिंग करताना याचा विचारच करत नाहीत, केबिनला बाल्कनी आहे का हे विचारतात.

आता उतरण्याबद्दल. बंदर, जेट्टी, धक्का, काही नाही, त्यामुळे सगळं झोडियाकवर, म्हणजे काळ्या रबरी बोटी, एका बोटीत दहा जण आणि चालवणारा गाइड. पण तुम्ही उतरायच्या आधी अर्धा-पाऊण तास गाइड लोक उतरतात. रायफल, फ्लेअरची पिस्तुलं, दुर्बिणी घेऊन किनारा पिंजून काढतात, टेकडीमागे बघतात, खडकांच्या आडोशाला बघतात, मग चारी बाजूंना एकेक जण उभा राहतो आणि रेडिओवर सांगतो की या. रायफल वापरायची वेळ येऊ नये यासाठीच हा सगळा खटाटोप, हे आमच्या गाइडने पहिल्याच ब्रीफिंगमध्ये सांगितलं. १९७३ पासून तिथे ध्रुवीय अस्वलाला संपूर्ण संरक्षण आहे, आणि माणसाच्या हौसेपायी एखादं अस्वल मरावं यासारखी वाईट गोष्ट नाही. म्हणूनच धुकं आलं की उतरणं बंद. लांबचं दिसत नसेल तर अस्वल आहे की नाही हे कोण सांगणार.

बोटीत चढताना खलाशासारखं मनगट पकडायचं, म्हणजे त्याने तुमचं आणि तुम्ही त्याचं, बोटं नाही धरायची, बोटं निसटतात. आधी बोटीच्या फुगलेल्या कडेवर पाय, मग खाली, मग बसून सरकायचं. परत आल्यावर बूट ब्रशने घासायचे, जंतुनाशकात बुडवायचे. ट्रिपच्या सुरुवातीला तर सगळ्यांच्या जॅकेटची वेल्क्रो, बॅगांचे कप्पे, पँटचे दुमडलेले काठ तपासले होते, कुठे गवताचं बी अडकलं नाही ना म्हणून. माझ्या बॅगेच्या तळाशी येऊरचं एक कुसळ निघालं. गाइड मुलीने ते चिमट्याने काढून पाकिटात ठेवलं.

तर अस्वल. हिनलोपेन सामुद्रधुनीच्या बाजूला सकाळी उतरायचं ठरलं होतं, सगळे कपड्यांचे थर चढवून, लाइफ जॅकेट घालून रांगेत उभे, घामाघूम, आणि घोषणा झाली की लँडिंग रद्द. पुढे गेलेल्या गाइडला किनाऱ्यापासून आत एक मादी झोपलेली दिसली, शेजारी पिल्लू. आम्हाला ब्रिजच्या बाजूच्या डेकवरून टेलिस्कोपमधून दाखवलं. पांढरं नाही, मळकट पिवळसर, साईसारखा रंग, आणि पिल्लू आईच्या पाठीवर पाय टाकून झोपलेलं. एकदा आईने मान वर केली, हवेत नाक फिरवलं, परत डोकं ठेवलं. बस, तेवढंच. जहाज जवळ गेलं नाही. काही जण नाराज झाले, एवढे पैसे भरलेत, जरा शंभर मीटर पुढे घ्या की, असं एका गृहस्थांनी बोलूनही दाखवलं. एक्सपिडिशन लीडर शांतपणे म्हणाली की ती उठली नाही म्हणजेच आपण बरोबर अंतरावर आहोत. मग जहाज वळलं.

आणि जहाज वळू शकलं हे महत्त्वाचं. हजार माणसांचं जहाज असतं तर त्याचा दिवस तासातासाने बांधलेला असता. आमच्या लीडरने वीस मिनिटांत दुसरा प्लान काढला, दुपारी जायचं होतं तिथे सकाळीच निघालो. ते ठिकाण म्हणजे आल्केफ्येलेट.

याच्यावर मी कितीही लिहू शकते. डोलेराइट खडकाचे शंभर मीटर उंच कडे, सरळ समुद्रातून वर उठलेले, उभ्या खांबांसारखे चिरलेले, आणि प्रत्येक चिरेत, प्रत्येक बोटभर कंगोऱ्यावर ब्रुनिक्स गिलेमॉट. काळी पाठ, पांढरं पोट, दाटीवाटीने उभे. इथे साधारण ६० हजार जोड्या वीण करतात. घरटं असं काही नाही, नुसत्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. आवाज आधी येतो, मग वास, मग ते दिसतात. झोडियाकचं इंजिन अगदी हळू करून कड्याच्या खालून जायचं, वर बघायचं नाही असं सांगितलं होतं, निदान तोंड उघडं ठेवून नाही, पण वर बघितल्याशिवाय राहवतच नाही.

आम्ही नेमके पिल्लांच्या उड्यांच्या दिवसांत पोचलो. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की त्याला उडता येत नसतानाही ते कड्यावरून उडी मारतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो, आणि ते छोटे अपुरे पंख फडफडवत, अर्धं पडत अर्धं तरंगत खाली येतं. आमच्या बोटीपासून दहाएक मीटरवर एक पिल्लू पाण्यात पडलं. क्षणभर दिसलंच नाही, मग बुचासारखं वर आलं, आणि इतक्या मोठ्याने चिवचिवायला लागलं की त्या हजारोंच्या गोंगाटातही ऐकू येत होतं. बाजूला तीन-चार मोठे पक्षी आले, त्यातला एक त्याच्याजवळ गेला, चोचीला चोच लावली, दोघांनी एकमेकांना हाका मारल्या, आणि मग दोघं शेजारी शेजारी खुल्या समुद्राकडे पोहत निघाले. आता पुढचे कितीतरी आठवडे बापच त्याला सांभाळणार, पोहत पोहत दूर नेणार, आई नाही. दुसरं एक पिल्लू चुकून कड्याच्या पायथ्याच्या उतारावर पडलं आणि तिथे कोल्हा होता. तेही आम्ही बघितलं. त्या कोल्ह्यालाही पिल्लं होती, गाइडने नंतर दाखवली, खडकांमध्ये, तपकिरी, भुकेली. मामाने माझा खांदा घट्ट धरला होता तो परत जहाजावर येईपर्यंत सोडला नाही.

बाकी दिवसांचं थोडक्यात. नोर्डऔस्टलांडेट या शेजारच्या बेटाच्या दक्षिण-पूर्वेला औस्टफोना या हिमटोपीची, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या जाड बर्फाच्या थराची कडा सरळ समुद्रात उतरते, दीडशे किलोमीटरहून लांब. ठाण्याहून नाशिकपर्यंत डाव्या हाताला सलग बर्फाची भिंत, असं समजा, आणि तिच्यावरून वितळलेल्या पाण्याचे धबधबे समुद्रात कोसळतायत. वॉलरस एका रेताड टोकावर एकमेकांवर लोळत पडले होते, आम्ही एका रांगेत, न बोलता, थांबत थांबत गेलो आणि लांबच थांबलो. साडेतीनशे वर्षं शिकार करून माणसाने तिथे वॉलरस जवळपास संपवले होते, १९५२ मध्ये बंदी आली, आणि आता ते परत काही हजारांच्या घरात आहेत. स्मेरेनबर्गला सतराव्या शतकातल्या डच लोकांच्या व्हेलची चरबी वितळवायच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत, तेल आणि वाळू मिळून दगडासारखी झालेली कडी अजून जमिनीवर दिसतात. तिथे हात लावायचा नाही, १९४५ पर्यंतचं माणसाचं जे काही आहे, अगदी गंजलेला खिळासुद्धा, कायद्याने संरक्षित आहे. ही चरबी ज्यांची होती ते बोहेड व्हेल मात्र वॉलरससारखे परत आले नाहीत, अगदी थोडे उरलेत.

आणि नी-ऑलेसुंड, संशोधकांचं छोटंसं गाव. इथे आपलं हिमाद्री आहे, भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन केंद्र, २००८ मध्ये सुरू झालं, उत्तर ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटरवर. गावात शिरायच्या आधीच फोनचं वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद करायला लावतात, कारण तिथल्या अँटेना अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओ लहरी ऐकून पृथ्वीचं फिरणं मोजतात. हिमाद्री बाहेरूनच बघायचं, आत काम चालू असतं. २०२३ च्या डिसेंबरपासून आपले शास्त्रज्ञ तिथे काळोख्या हिवाळ्यातही राहायला लागलेत. स्वालबार्डचा करार १९२० मध्ये पॅरिसला झाला तेव्हा ब्रिटिश इंडियाही त्यात होता. तिथे जायला स्वालबार्डचा असा व्हिसा कुठल्याच देशाच्या माणसाला लागत नाही. आर्क्टिक टर्न पक्ष्यांनी मात्र आम्हाला गावातून हाकलून लावलं, रस्त्याकडेला त्यांची पिल्लं होती आणि ते थेट डोक्यावर चोच मारतात. शंभरेक ग्रॅमचा पक्षी, दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो.

आमच्यानंतर, १ जानेवारी २०२५ पासून, नॉर्वेने नियम बरेच कडक केले. संरक्षित भागात जाणाऱ्या जहाजावर जास्तीत जास्त २०० प्रवासी. तिथे किनाऱ्यावर उतरता येईल अशा जागा फक्त ४३. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर. त्याआधी २०२२ पासून तिथल्या सगळ्या सागरी हद्दीत हेवी फ्युएल ऑइल, म्हणजे जहाजांचं जड इंधन, बंद झालंच होतं, ज्याचं मामाला फार कौतुक, कारण ते काळं जाड तेल सांडलं तर थंड पाण्यात काय होतं हे त्याला माहितीये. काही टूरवाले कुरकुरतायत की आता अस्वल ठिपक्याएवढं दिसणार. दिसू दे ना. झोपलेलं अस्वल झोपलेलंच राहिलं पाहिजे.

मला हे इतकं जवळचं वाटतं कारण आपल्याकडे काय चाललंय ते मी दर हिवाळ्यात बघते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. ऐरोलीहून सुटणारी बोट भरती-ओहोटी बघून सुटते, आणि पक्ष्यांच्या बाजूला नीट लांबून जाते, तिथल्या बोटवाल्यांचं ज्ञान अफाट आहे. पण मागच्या हिवाळ्यात एक खाजगी बोट थेट चिखलाच्या कडेला घुसली, मोबाइल वर धरून, थवा उडाला पाहिजे म्हणून. उडाला. चांगला फोटोही मिळाला असेल. फ्लेमिंगोंच्या शेजारी तेव्हा कर्ल्यू सँडपायपर चरत होते, सायबेरियाच्या टुंड्रात जन्मलेले, एवढेसे, तेही सगळे उडाले आणि ओहोटीतला खायचा वेळ गेला. आर्क्टिकमध्ये कायदा करून ३०० मीटर ठेवतात, आणि त्याच उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांना आपण इथे तीस मीटरही सोडत नाही. खाडीतही अंतराचा नियम आणि तो मोडणाऱ्याला दंड, दोन्ही पाहिजे, आणि मी हे जिथे बोलता येईल तिथे बोलणार आहे.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. खर्च मोठा आहे, माणशी काही लाख, आम्ही बरीच वर्षं साठवत होतो. पण केबिन सगळ्यात स्वस्त घ्या, खिडकी पोर्टहोलची चालेल, तुम्ही केबिनमध्ये झोपण्यापुरतेच असता. विचारायचं ते हे विचारा की जहाजावर प्रवासी किती, गाइड किती, झोडियाक किती. सगळ्यांना एकदम बोटीत बसवता येतं का, की अर्ध्यांनी वाट बघायची. ओस्लोवरून जायचं म्हणजे शेंगेन व्हिसा, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो, लागतो, आणि तो डबल किंवा मल्टिपल एंट्रीच मागा, कारण स्वालबार्ड शेंगेनमध्ये येत नाही, तिथे गेलात की तुम्ही बाहेर पडलात, परत नॉर्वेत शिरायला दुसरी एंट्री लागते. इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरलाय का ते ओळ न ओळ वाचा.

ज्येष्ठांना न्यायचं का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. मामा सत्तरीच्या पुढे आहे आणि एकही लँडिंग चुकवलं नाही, पण त्याचे गुडघे चांगले आहेत. जहाजाच्या बाजूच्या शिडीवरून खाली उतरून हलत्या बोटीत पाय टाकता येतो का, हा खरा प्रश्न, वय नाही. शंका असेल तर घारापुरीला किंवा अलिबागला भरतीच्या लाटेत छोट्या बोटीत चढून-उतरून बघा, लगेच कळेल. शाकाहारी जेवणाचा अजिबात त्रास झाला नाही, आधी कळवा फक्त. उलटीची गोळी समुद्र हलायच्या आधी घ्या, हलायला लागल्यावर नाही.

महिना कुठला हे काय बघायचंय त्यावर ठरवा. जूनमध्ये समुद्रावर बर्फ जास्त असतो, डोंगर पांढरे असतात, पण बर्फामुळे उत्तर-पूर्वेकडचा रस्ता बंद असू शकतो आणि स्पिट्सबर्गनला पूर्ण वळसा होईलच असं नाही. जुलैच्या मध्यापासून वाट बहुतेक मोकळी होते. गिलेमॉटच्या पिल्लांच्या उड्या बघायच्या असतील तर जुलैचा शेवटचा आठवडा धरा, ऑगस्ट पुढे सरकला की कडे रिकामे व्हायला लागतात. मामाला आता बर्फ हवाय म्हणून तो जून म्हणतोय, मी परत जुलैअखेरच म्हणतेय, आणि या वेळी मामीलाही तयार करायचं चाललंय.